वीतभर सांगाडा, अकरा महिने

गेल्या शनिवारी रात्री 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' पुन्हा बघितला. कितव्यांदा ते विचारू नका. १९५८ चा सिनेमा. हिरो बेतास बात, संवाद त्याहून बेतास बात, आणि बगदादच्या बाजारातली सगळी मंडळी अमेरिकन हेल काढून बोलतात. तरी शेवटाकडे तो प्रसंग आला आणि मी ताठ बसलो. दुष्ट जादूगार मंत्र म्हणतो, भिंतीवर टांगलेला माणसाचा सांगाडा खाली उतरतो, ढाल-तलवार उचलतो आणि सिंदबादवर चालून येतो. दोघं लढत लढत एका गोल जिन्यावर चढतात. जिना वर अर्धवटच तुटलेला. तिथून सांगाडा खाली कोसळतो आणि त्याची हाडं हाडं होतात.

मी तो तुकडा पाच वेळा मागे नेऊन बघितला. आपल्या पिढीनं कॉम्प्युटर ग्राफिक्सचे डायनासोर, ड्रॅगन, अख्खी शहरं उद्ध्वस्त होताना बघितली आहेत. मग या साठ-सत्तर वर्षं जुन्या, जराशा अडखळत चालणाऱ्या सांगाड्यात एवढं काय आहे? म्हटलं, या वीकेंडला त्यावरच लिहू.

आधी पैशाचं बोलू. हा सिनेमा बनला साधारण साडेसहा लाख डॉलरमध्ये. पुढच्याच वर्षी आलेल्या 'बेन-हर'चा खर्च होता दीड कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे एका 'बेन-हर'च्या पैशात तेवीस सिंदबाद बसले असते! आणि सिंदबादच्या कथेत काय काय हवं होतं? एक डोळ्याचा महाकाय राक्षस सायक्लॉप्स, दोन डोकी असलेला रॉक पक्षी, आग ओकणारा ड्रॅगन, बोटाएवढी झालेली राजकन्या, दिव्यातला जिनी, समुद्रातलं वादळ आणि आपला सांगाडा. हे कागदावर लिहून एखाद्या प्रोड्यूसरकडे नेलं तर तो चहा पाजून परत पाठवेल.

खरोखर तसंच झालं होतं. रे हॅरीहाउसेन नावाचा माणूस १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंदबादची चित्रं घेऊन निर्मात्यांकडे फिरत होता. त्यातलं मुख्य चित्र कोळशानं काढलेलं, आणि त्यात तुटक्या गोल जिन्यावर सिंदबाद सांगाड्याशी लढतोय. म्हणजे सिनेमाची पटकथा नव्हती, नट नव्हते, पैसे नव्हते, पण तो प्रसंग तयार होता. कुणालाही त्यात रस वाटला नाही. त्यात १९५५ मध्ये हॉवर्ड ह्यूजच्या आरकेओ स्टुडिओचा 'सन ऑफ सिंदबाद' आला आणि आपटला. झालं. अरबी वेशातले साहसपट चालत नाहीत, यावर इंडस्ट्रीचं एकमत झालं, आणि चित्रं कपाटात गेली.

आता या माणसाविषयी थोडं. हॅरीहाउसेनचा जन्म १९२० चा, लॉस एंजेलिसचा. तेराव्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यानं 'किंग काँग' बघितला आणि आयुष्यभरासाठी कामाला लागला. बाहुली थोडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा एक फ्रेम. यालाच स्टॉप मोशन म्हणतात. 'किंग काँग'मधलं हे काम विलिस ओब्रायनचं. पुढे त्याच ओब्रायनच्या हाताखाली हॅरीहाउसेननं 'मायटी जो यंग' (१९४९) केला, आणि त्यातल्या गोरिलाचं बहुतेक अ‍ॅनिमेशन यानंच केलं. पण ओब्रायनच्या पद्धतीचा एक मोठा प्रॉब्लेम त्याला दिसला होता. त्या पद्धतीत काचेवर जंगलं रंगवायची, छोटे छोटे सेट बांधायचे आणि त्यासाठी माणसांची फौज लागायची. सिनेमा सुंदर व्हायचा, पण खर्च इतका की दुसरा सिनेमा मिळायचा नाही. ओब्रायनचे कितीतरी प्रकल्प असे कागदावरच राहिले.

इथे मला हा माणूस आवडायला लागतो. आपण जे करतो ते परवडलं नाही तर ते करायलाच मिळणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून त्यानं आपली पद्धत स्वस्त करायला घेतली.

ती पद्धत अशी. आधी खऱ्या जागी खऱ्या नटांचं शूटिंग करून घ्यायचं. मग स्टुडिओत एका पडद्यावर मागच्या बाजूनं त्या शूटिंगची एकच फ्रेम टाकायची. पडद्यासमोर टेबल, टेबलावर बाहुली. बाहुली आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक काच. चित्रात बाहुलीच्या पुढे जी जमीन किंवा जो दगड यायला हवा, तेवढा भाग त्या काचेवर काळा रंगवायचा. टेबलही त्या काळ्या भागामागे लपतं. आता फ्रेम घ्यायची, बाहुली किंचित हलवायची, मागच्या पडद्यावर पुढची फ्रेम आणायची, पुन्हा फोटो. असा अख्खा शॉट झाला की कॅमेऱ्यातली फिल्म उलटी गुंडाळायची, काचेवरचा काळा भाग उघडा करायचा, उघडा होता तो काळा करायचा, आणि त्याच फिल्मवर फक्त राहिलेली पुढची जमीन घ्यायची. परिणाम काय? बाहुली खऱ्या दृश्याच्या मधोमध अडकते. मागे खरा डोंगर, पुढे खरी वाळू, मध्ये राक्षस.

फोटोशॉपमध्ये लेयर आणि मास्क वापरलेल्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की इथे 'अनडू' नाही. चूक झालीय हे फिल्म लॅबमधून धुऊन आल्यावरच कळणार, आणि मग शॉट पहिल्यापासून.

ना काचेवरची जंगलं, ना छोटे सेट, ना फौज. ही पद्धत त्यानं 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' (१९५३) या सिनेमात वापरली. मग त्याला त्याच्याच वयाचा एक निर्माता भेटला, चार्ल्स श्नीअर. दोघांचा पहिला सिनेमा 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५). त्यात सॅन फ्रान्सिस्कोवर एक प्रचंड ऑक्टोपस हल्ला करतो. आता गंमत बघा, त्या ऑक्टोपसला सहाच हात आहेत! आठ हात बनवायला आणि हलवायला पैसे आणि वेळ नव्हता. दोन हात बजेटमधून कापले आणि बाकीचे कायम पाण्यात किंवा फ्रेमबाहेर असल्यासारखे दाखवले. स्कोप कमी करणं म्हणजे काय ते यापेक्षा चांगलं समजावता येणार नाही.

असो. श्नीअरला कपाटातली चित्रं आवडली, आणि त्यानं कोलंबिया पिक्चर्ससाठी सिंदबाद करायचं ठरवलं. शिवाय तो रंगीत हवा म्हणाला. हॅरीहाउसेन साशंक होता, आणि कारण तांत्रिक होतं. पडद्यावर टाकलेल्या फ्रेमचा पुन्हा फोटो घेतला की रंग बदलतात, दाणे दिसायला लागतात. काळ्या-पांढऱ्यात हे खपून जातं. रंगीत फिल्ममध्ये मागचा डोंगर आणि पुढची वाळू दोन वेगळ्या जगातल्या वाटतात. त्यावर तोडगा काढण्यात बराच वेळ गेला. आजही बारकाईनं बघितलं तर राक्षस येण्याच्या शॉटमध्ये चित्र एकदम थोडं खरखरीत होतं. मला आता ती खरखर आवडते. काहीतरी येणार, याची ती वर्दी असते.

बाकी काटकसर तर जागोजागी आहे. शूटिंग स्पेनमध्ये केलं. बगदादचा राजवाडा म्हणून ग्रानाडाचा अलहंब्रा वापरला. खराखुरा, मुस्लिम राजांनी बांधलेला राजवाडा आयता मिळाल्यावर सेट कशाला बांधायचा? सिंदबादचं जहाज म्हणजे बार्सिलोनाच्या बंदरात उभी असलेली कोलंबसच्या 'सांता मारिया'ची प्रतिकृती. हारून अल रशीदच्या काळातला खलाशी पंधराव्या शतकातलं स्पॅनिश जहाज चालवतो, म्हणजे जहाज सुमारे सातशे वर्षं आधीच हजर! दिग्दर्शक नेथन जुरान हा शिक्षणानं आर्किटेक्ट आणि आधी कला दिग्दर्शक होता, त्या कामाचं ऑस्करही मिळवलेला. आहे त्या जागेतून भव्यता काढायची कशी, हे त्याला ठाऊक होतं.

कथेचं म्हणाल तर अरेबियन नाइट्समधल्या सातव्या सफरीशी तिचा काही संबंध नाही. रॉक पक्षी दुसऱ्या आणि पाचव्या सफरीतला, माणसं खाणारा राक्षस तिसऱ्या सफरीतला. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'पासून ते टीव्हीवरच्या 'अलिफ लैला'पर्यंत सिंदबाद सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे आपल्याला ही भेळ लगेच कळते. शिवाय राजकन्येच्या राज्याचं नाव 'चंद्रा' आहे. ते कुठून आलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

सायक्लॉप्सच्या आतला धातूचा सापळा नवा नव्हता. आधीच्या वर्षीच्या 'ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ'मधल्या परग्रहावरच्या प्राण्याचा सापळा काढून त्यावर नवीन अंग चढवलं. कोड रीयूज! पण त्याच सायक्लॉप्सला बकऱ्याचे पाय दिले, त्यामागे काटकसर नव्हती. माणसासारखे पाय असते तर प्रेक्षक म्हणाला असता, आत कुणीतरी माणूस आहे. त्या उलट्या वळणाच्या पायांत कुठलाच माणूस मावत नाही. इथे पैसा लागला नाही, पण आपण जे दाखवतोय त्यावर समोरचा कुठे शंका घेईल, हे आधी ओळखावं लागलं.

आणि आता तो जिना.

लढाई बसवायला एन्झो मुझुमेची ग्रेको हा इटालियन तलवारबाजीचा उस्ताद आणला होता. तालमीत ग्रेको स्वतः सांगाडा व्हायचा आणि सिंदबाद झालेला कर्विन मॅथ्यूज त्याच्याशी लढायचा. नाचाच्या स्टेप्ससारखा एकेक वार आकड्यांवर बसवला. तालीम पक्की झाली की ग्रेको बाजूला व्हायचा, आणि मॅथ्यूज तीच लढाई एकट्यानं, हवेशी लढायचा. यातली मेख अशी की खऱ्या लढाईत तलवार समोरच्या तलवारीवर आपटून थांबते. इथे आपटायला काही नाही. हवेत जोरात वार करायचा आणि ठरल्या जागी ठरल्या क्षणी तो स्वतःच रोखायचा. नजरही, जिथे काही नाही तिथे, सांगाड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मॅथ्यूजच्या अभिनयाला मी सुरुवातीला नावं ठेवली खरी, पण हे काम त्यानं अफाट केलंय. घरी आरशासमोर झाडू घेऊन करून बघा.

मग ती फिल्म हॅरीहाउसेनकडे आली. आता अंधाऱ्या खोलीत पडद्यावर मॅथ्यूजची एक फ्रेम, समोर टेबलावर वीतभर उंचीचा सांगाडा. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे मिनिटाला एक हजार चारशे चाळीस. प्रत्येक फ्रेमला सांगाड्याचे गुडघे, कंबर, खांदे, मान, तलवारीचा हात आणि ढालीचा हात थोडे थोडे हलवायचे. कोणता सांधा कुठल्या दिशेला निघाला होता, किती वेगानं, आणि अजून किती फ्रेमनंतर त्याला मॅथ्यूजच्या तलवारीला भिडायचंय, हे सगळं डोक्यात. मधेच फोन वाजला तर? हात पुढे जात होता की मागे येत होता? मला तर दोन तास मीटिंगमध्ये बसून आलो की स्वतःचाच कोड परका वाटतो.

हे सगळं अ‍ॅनिमेशन त्यानं एकट्यानं केलं, आणि त्याला अकरा महिने लागले.

श्नीअरनं या पद्धतीला 'डायनामेशन' असं झकास नाव दिलं. त्याच्या ब्यूक गाडीवरच्या 'डायनाफ्लो' या शब्दावरून ते सुचलं, असं सांगतात. बर्नार्ड हर्मननं संगीत दिलं. हो, त्याच वर्षी हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ला संगीत देणारा हर्मन. सांगाड्याच्या लढाईला त्यानं झायलोफोनची खडखड वापरली, त्यामुळे हाडं ऐकूसुद्धा येतात. १९५८ च्या डिसेंबरात सिनेमा लागला आणि जोरात चालला. ब्रिटनमध्ये मात्र सेन्सॉरनं सांगाड्याची लढाईच कापून टाकली, मुलं घाबरतील म्हणून. ज्या चित्रासाठी सिनेमा बनला तेच गायब! पण वाकड्या वाटेनं आलेली ही शाबासकीच म्हणायची. वीतभर बाहुली बघून सेन्सॉर बोर्ड घाबरलं.

ऑस्करला ती शाबासकीही जमली नाही. त्या वर्षी स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर 'टॉम थम'ला मिळालं. सिंदबादला साधं नामांकनही नव्हतं. हॅरीहाउसेनला पुढेही कधी नामांकन मिळालं नाही. निवृत्त होऊन दशक उलटल्यावर, १९९२ मध्ये, अकादमीनं त्याला तांत्रिक योगदानाचा गॉर्डन सॉयर पुरस्कार दिला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. असे सिनेमे बघितले की एक ठरलेलं वाक्य येतं, 'बघा, पैसे नव्हते म्हणून डोकं चाललं.' आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि प्रेझेंटेशनमध्ये त्यावर टाळ्या पडतात. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. आता अर्धंच खरं वाटतं. पैसे कमी होते म्हणून ऑक्टोपसचे दोन हात गेले, आणि त्यामुळे ऑक्टोपस काही जास्त चांगला झाला नाही. उधारीचं जहाज आणि जुना सापळा यांनी पैसे वाचवले, पण त्यामुळे कुणी पाच वेळा मागे जाऊन सिनेमा बघत नाही. जे बघायला मी मागे जातो ती जिन्यावरची लढाई आहे, आणि तिथे काहीच वाचवलेलं नाही. तिथे महिनोन्महिने ओतलेत. बजेटमध्ये जे दिसत नाही, ते एका माणसानं आपल्या दिवसांतून भरलंय. सिनेमा स्वस्त होता म्हणजे कोलंबियाला स्वस्त पडला, इतकंच.

आपल्याकडेही हा हिशोब जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी अशी महिनाभर चित्रित केली, आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्याही अशाच, एकेक फ्रेम करून नाचवल्या. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) कमी पैशात झाला असं आपण कौतुकानं सांगतो, पण त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि त्या सगळ्या धडपडीत फाळक्यांचे डोळे जायची वेळ आली होती.

हॅरीहाउसेनच्या बाबतीतही घर या हिशोबात आहेच. त्याच्या बाहुल्यांच्या आतले धातूचे सापळे त्याचे वडील फ्रेड बनवायचे. ते मशिनिस्ट होते. मुलानं ड्रॉइंग काढायची, वडिलांनी लेथवर सांधे करून द्यायचे, आणि हे पोरगा शाळकरी वयात होता तेव्हापासून. आई बाहुल्यांना कपडे शिवायची.

याला पुरावा म्हणून एक किस्सा. निर्माता एडवर्ड स्मॉल यानं सिंदबादची चित्रं पूर्वी नाकारली होती. सिनेमा चालल्यावर त्याला उपरती झाली. १९६२ मध्ये त्यानं 'जॅक द जायंट किलर' काढला, तोही थेट सिंदबादच्या साच्यातला. हिरो तोच मॅथ्यूज. जादूगार तोच टॉरिन थॅचर. दिग्दर्शकही तोच, नेथन जुरान. राक्षसाचं रूपसुद्धा जवळपास तेच. जे जे पैशानं विकत मिळतं ते सगळं घेतलं. फक्त टेबलाशी बसणारा माणूस तो नव्हता, त्याच्या जागी बरीच माणसं होती. त्यांच्यात हुशार लोक होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण दोन्ही सिनेमे एका वीकेंडला पाठोपाठ बघा. 'जॅक'मधला राक्षस हलतो. सिंदबादमधला सायक्लॉप्स विचार करतो, डोकं खाजवल्यासारखा थबकतो, चिडतो. हा फरक प्रत्येक फ्रेममध्ये थोडा थोडा भरलेला आहे आणि तो भरायला शॉर्टकट नाही.

म्हणून यापुढे कुणी मला 'कमी रिसोर्सेसमध्ये जास्त आउटपुट'ची गोष्ट सांगायला लागला, तर मी एवढंच विचारणार आहे की उरलेला हिशोब कुणी भरला, आणि त्यानं तो आपखुशीनं भरला का? हॅरीहाउसेननं आपखुशीनं भरला. तेराव्या वर्षी बघितलेल्या गोरिलासाठी तो १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'पर्यंत टेबलाशी बसला, आणि मग थांबला. २०१३ मध्ये, ब्याण्णव वर्षांचा होऊन गेला. २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीनं हा साडेसहा लाखांचा सिनेमा जतन करण्यासाठी निवडला, हे त्यानं बघितलं. बरं वाटलं ते वाचून.

तो सांगाडा मात्र जिन्यावरून पडून संपला नाही. १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये तीन माणसं सात सांगाड्यांशी लढतात. त्या एका लढाईला साडेचार महिने लागले. सातांपैकी सहा नवीन केलेले, आणि सातवा हाच आपला जुना, नव्यानं रंगवून पुन्हा कामावर आलेला. मी अजून प्रत्येक वेळी त्या गर्दीत तो कोणता ते शोधत असतो. तुम्हाला सापडला तर मला कळवा.